वरची कडी

४ फेब्रुवारी

धाकटे,

अक्षर बघून पत्र कोणाचं ते ओळखशील आणि फाडायला घेशील. जरा थांब. भांडायला लिहीत नाहीये. फोनवर माझा आवाज आला की तू ठेवून देतेस, म्हणून कागद घेतला. आशीर्वाद वगैरे वरती लिहिलेले नाहीत, तेवढ्यासाठी परत पाठवायला नको.

माझा उजवा खांदा कामातून गेला आहे. जागेवर आहे, पण हलत नाही. ऑक्टोबरात पुढच्या खोलीतल्या दुकानाच्या वरच्या फळीवरून कापडाचा तागा काढताना कळ आली, ती गेलीच नाही. आता केस विंचरता येत नाहीत, कपड्यात हात घालायचा तर आधी देवाचं नाव घ्यावं लागतं. पडदे शिवणारी बाई मी, आणि शिवलेला पडदा लोकांच्या घरी टांगायला शिलाईवालीला पाठवते. तिने परवा एकांकडे पडदा उलटा टांगून ठेवला, अस्तर बाहेर. लिहिता मात्र येतं. कोपर कमरेला चिकटवलं की झालं.

हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. हाड ठणठणीत आहे, सांध्याभोवतीचं आवरण आखडलंय, फ्रोझन शोल्डर म्हणाले. हात हलवत राहा म्हणाले. मी बरं म्हटलं, घरी आले आणि झोळी शिवली. अस्तराच्या कापडाची, कडेने पायपिंग, गळ्यात रुतू नये म्हणून मागे मऊ पट्टी. तीन महिने हात त्या झोळीत. येणारंजाणारं माणूस झोळीचं कौतुक करायचं. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी ती बघितली आणि कपाळाला हात लावला. "ही कोणी दिली?" मी म्हटलं, मीच शिवली. "बाई, दुखतं म्हणून बांधलात आणि बांधलात म्हणून आखडला," म्हणाले. आता ऑक्टोबरपर्यंत व्यायामाने सुटला नाही तर भूल देऊन हात फिरवून सोडवू म्हणतात. मला ते नको आहे. मला माझा हात मीच सोडवायचा आहे.

व्यायाम शिकवणारी इथेही एक आहे. मी गेले नाही. परक्या माणसापुढे रडायची मला सवय नाही. तुझं तर हेच काम आहे, वीस वर्षं झाली. काय करायचं ते लिहून पाठव. मी करीन. मी एकदा करायला घेतलं की करते, हे तरी तुला मान्य असावं.

आईच्या वेळी झालं ते झालं. त्यावर मी काही लिहिणार नाही.

ताई


१९ फेब्रुवारी

धाकटे,

तुझा कागद मिळाला. पत्र म्हणत नाही, कारण त्यात मला उद्देशून एक अक्षर नाही. चार चित्रं, काड्यांची माणसं, आणि खाली: "दिवसातून तीनदा. मोजून. साखर तपासली का?" औषधाच्या बाटलीवरसुद्धा याच्यापेक्षा जास्त माया असते. पण कागद आला. मी तो कापायच्या टेबलासमोर टाचण्यांनी लावला आहे.

साखर तपासली. थोडी वाढलेली होती, गोळी चालू आहे.

पहिला व्यायाम, डावा हात टेबलावर टेकून वाकायचं आणि उजवा लोंबता ठेवून गोल फिरवायचा. वजनाला मी कापडाची मोठी कात्री धरली. दुसरा, उताणं झोपून दोन्ही हातांनी काठी डोक्याकडे न्यायची. काठीला पडद्याची दांडी आहे, झोपायला कापायचं टेबल. शिलाईवाली सकाळी आली तेव्हा मी टेबलावर उताणी, छातीवर दांडी. तिने किंकाळीच फोडली.

तिसऱ्याला दोरी आणि कप्पी लागते, ती आपल्या धंद्यातच पडलेली. सरकत्या पडद्याची कप्पी दाराच्या चौकटीवर बसवली. डाव्या हाताने दोरी ओढली की उजवा वर जातो. जातो म्हणजे, छातीपर्यंत. चौथा, भिंतीवर बोटं चालवत वर चढवायची. बाहेरच्या दाराशेजारी भिंतीवर माझी मोजपट्टी ठोकली आहे, शून्य कमरेशी. काल बोटं चौदा इंचांवर थांबली. खडूने रेघ मारून तारीख घातली.

छत्तीस इंचांवर दाराची वरची कडी आहे. ऑक्टोबरापासून मी खालचीच लावते. मला वरच्या कडीपर्यंत पोचायचं आहे.

ताई


१२ मार्च

धाकटे,

तुझं कार्ड: "कात्री नको. हात मोकळा." बरं. कात्री ठेवली.

दुखतं. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, नोंद म्हणून सांगते. तू म्हणतेस व्यायामानंतरचं दुखणं अर्ध्या तासात उतरलं तर चालू ठेवायचं, रेंगाळलं तर दुसऱ्या दिवशी कमी करायचं. मी घड्याळ लावून बसते. बहुतेक वेळा पंचविसाव्या मिनिटाला उतरतं. तेवढा वेळ शिलाईवालीने माझ्याशी बोलायचं नाही असा नियम केला आहे. ती म्हणते, "ताई, दुकानात तुम्ही एरवी तरी कुठं गोड बोलता?"

आज सतरा इंच.

तुला आठवतं का, तू शिकत होतीस तेव्हा याच टेबलावर मला पालथी पाडून माझ्या पाठीवर खडूने हाडं काढायचीस? खांद्याचं पातं कुठून कुठे, ते तू माझ्या निळ्या कपड्यावर काढलंस आणि मी तशीच गिऱ्हाइकासमोर जाऊन उभी राहिले. आई किती हसली होती. तुझी परीक्षा होईपर्यंत माझ्या अंगावरचा खडू निघत नव्हता. एवढंच आठवलं म्हणून लिहिलं.

ताई


६ एप्रिल

धाकटे,

पंचवीस! पंचवीस इंच, आणि तेसुद्धा दोन महिन्यांच्या आत. भिंतीवर खडूच्या रेघा बघ कशा शिडीसारख्या चढल्यात. शिलाईवालीने पेढे मागितले, मी तिला चहावर भागवलं.

डॉक्टरांना भूल देण्याची हौस असली तर दुसरा खांदा शोधा म्हणावं. या चालीने मे महिन्यात कडी गाठते की नाही बघ. तू म्हणायचीस ना, ताईला मोजमापाचं वेड आहे? वेड उपयोगी पडलं.

मामा आले होते. तुझी चौकशी केली. मी म्हटलं, बरी आहे, पत्रं येतात. ते चकित झाले. त्यांना वाटत होतं तू आईला टाकून गेलीस ती गेलीस. मी विषय बदलला.

ताई


१७ एप्रिल

धाकटे,

तुझं कार्ड: "एवढं लवकर होत नाही. डाव्या हाताने उजवा खांदा वरून दाबून धर. मग चढ. मग सांग."

दाबून धरला. चढले.

अठरा.

तीनदा करून बघितलं. दोनदा अठरा, एकदा साडेसतरा. मी आरशासमोर उभी राहिले तेव्हा कळलं. हात वर जातच नव्हता. मी खांदा कानापर्यंत उचलत होते, कंबर वाकडी करत होते, शेवटी शेवटी टाचाही उचलत असणार. सगळं अंग वर चढवून बोटं पंचविसावर टेकवायची आणि रेघ मारायची. बारा मार्चानंतर महिनाभर मी स्वतःला फसवलं, आणि तेही तारखा घालून. ज्या बाईने जन्मभर गिऱ्हाइकांना सांगितलं की माप घेताना पट्टी ताणू नका, त्या बाईने.

असा संताप आला ना. तुझ्यावरच आला आधी. एवढ्या लांबून, बघितल्यावाचून कशी ओळखते ही? मग ओल्या फडक्याने अठराच्या वरच्या सगळ्या रेघा पुसल्या. पुसायलाही डावा हात लागला, कारण उजवा तिथवर जात नाही.

पुन्हा सुरुवात केली आहे. डावा हात खांद्यावर, कंबर सरळ, टाचा जमिनीला. आता जे माप लिहीन ते खरं.

तू आईला टाकून गेलीस असं मामांना मीच सांगितलं होतं, तेही खरं नव्हतं. तू टाकून गेली नव्हतीस. मी घालवली होती तुला.

ताई


२० मे

धाकटे,

एकवीस. खांदा दाबून.

हे तीन इंच मिळवताना नाकी नऊ आले. मधले दहा दिवस तर बोटं पट्टीवर जागची हलेनात. काठी डोक्याकडे नेताना एका ठिकाणी सांधा अडतो, तिथे तू लिहिल्याप्रमाणे थांबून दहा श्वास मोजते. सातव्या श्वासाला डोळ्यांतून पाणी येतं. आपोआप येतं, मी रडत नाही. परवा मात्र रडले, चांगली मोठ्याने, टेबलावर उताणी. शिलाईवाली धावत आली आणि दांडी काढून घ्यायला लागली. "राहू दे ना ताई, एवढं दुखतंय तर! कोणी सांगितलेत हे असले व्यायाम? माणूस आहे की कसाई?"

मी तिच्या हातातून दांडी ओढून घेतली. म्हटलं, "माझं रडणं मला रडू दे. तू हात लावू नकोस."

आणि मग दांडी तशीच धरून पडून राहिले, कारण ‘कसाई’ हा शब्द मी आधी ऐकलेला होता. माझ्याच तोंडून.

आईचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, तू रजा काढून आलीस. तिसऱ्या दिवशी तिला उभं केलंस. पलंगापासून खिडकीपर्यंत आठ पावलं. आई रडायची, मेले गं म्हणायची, आणि तू म्हणायचीस, "रड आई, पण पाय टाक." अकराव्या दिवशी ती सहा पावलं चालली आणि सातव्याला ओरडली, तेव्हा मी मध्ये पडले. तुला कसाई म्हटलं. जन्म दिलेल्या बाईचे हाल करतेस म्हटलं. तुझी बॅग दाराबाहेर ठेवली, आणि तू पायरी उतरायच्या आत वरची कडी लावली. तू वळलीस हे मला चपलेच्या आवाजावरून कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी टेबलावर पुन्हा झोपले. ज्या ठिकाणी आदल्या दिवशी रडले होते, तिथे हात अडला नाही. बोटभर पुढे गेला.

आता मला कळतं तू काय करत होतीस. मला चार वर्षं लागली आणि स्वतःचा खांदा आखडावा लागला. आईचं दुखणं मला बघवत नव्हतं म्हणून मी तिला झोपवून ठेवली. झोळीत. तिने पुन्हा पाय टाकला नाही, आणि चौदा महिन्यांनी गेली.

आणखी एक गोष्ट आहे. ती आज लिहवत नाही.

ताई


३ जून

धाकटे,

कार्ड आलं नाही. येऊ नये हेच बरं, नाहीतर मी हे पुन्हा पुढे ढकललं असतं.

तू गेल्यावर दोन महिन्यांनी, दुपारची वेळ. मी आईचे केस विंचरत होते. ती म्हणाली, "धाकटीला बोलाव. तिच्या हाताखाली मी उभी राहत होते. मला खिडकीपर्यंत जायचंय." अगदी स्वच्छ आवाजात.

मी तुला बोलावलं नाही. दोन दिवसांनी तिने विचारलं, "काय म्हणाली गं?" मी म्हटलं, "केला होता फोन. येत नाही म्हणाली."

आई म्हणाली, "बरं." पुन्हा कधी विचारलं नाही.

मी रात्रंदिवस तिच्या उशाशी होते. तिचं सगळं मी करत होते, आणि तिने नाव घेतलं ते तुझं. मला ते सहन झालं नाही. आणि तुला बोलावणं म्हणजे तू बरोबर होतीस हे कबूल करणं. एवढ्यासाठी मी आईला सांगितलं की तिची धाकटी मुलगी येत नाही म्हणते. ती ते खरं मानून गेली. तू अंत्यविधीला आलीस, कडेला उभी राहिलीस, माझ्याकडे न बघता गेलीस, तेव्हाही मी गप्प राहिले. लोक म्हणत होते, आता आली का. मी त्यांना म्हणू दिलं.

हे वाचून तुला कळेल की मी आणखी काही मागायच्या लायकीची नाही. व्यायामाचे कागद नाही पाठवलेस तरी चालेल. पण हे माप पट्टी न ताणता दिलं आहे.

बावीस इंच.

ताई


१४ ऑगस्ट

धाकटे,

दहा आठवडे झाले. तुझं काही नाही. मी उत्तराची वाट बघत नाही असं लिहिणार होते, पण खोटं लिहायचं नाही ठरवलंय. पोस्टमन गल्लीत वळला की माझी शिलाई वाकडी जाते.

मामांना घरी बोलावून सगळं सांगितलं. आई काय म्हणाली होती आणि मी काय उत्तर दिलं, तेही. ते म्हणाले, "तू मला हे चार वर्षं दुसऱ्याच तोंडाने सांगत होतीस." चहा न घेता गेले. जाऊ देत. त्यांनी बाकीच्यांना सांगितलं असेल, आणि सांगावंच.

व्यायाम चालू आहेत. तू बघतेस म्हणून नाही, न बघताही. दिवसातून तीनदा, मोजून. सकाळी दुकान उघडायच्या आधी, दुपारी, आणि शिलाईवाली घरी गेली की. एक दिवस चुकवला नाही, तापात फक्त दांडी सोडली, बाकी केलं. पाठीमागे टॉवेल धरून डाव्या हाताने वर ओढायचा, हा मी स्वतःच्या मनाने घातलेला नाही, डॉक्टरांनी सांगितला. ते म्हणाले, प्रगती आहे, पण ऑक्टोबरात बघू. मी म्हटलं, बघा.

केस आता उजव्या हाताने विंचरते. भांग जरा उजवीकडे सरकतो. सत्तावीस इंच, खांदा दाबून.

गेल्या रविवारी आईच्या खोलीतला पडदा काढला. ती गेल्यापासून तसाच होता. खिडकी बुटकी आहे, दांडी डोळ्यांच्या उंचीला, हात पोचला. धुतला, पण परत लावला नाही. पलंगापासून खिडकीपर्यंत मी पावलं मोजली. माझी सहाच होतात.

ताई


९ ऑक्टोबर

धाकटे,

तुझं पाकीट काल आलं. उघडायला धीर होईना. शिलाईवाली म्हणाली, "द्या, मी फोडते," तिला हाकलून लावलं.

कागदावर एकच चित्र, पण या वेळी काड्यांची दोन माणसं. एक उताणं, दुसरं बाजूला बसून त्याचं कोपर आणि मनगट धरलेलं. खाली तुझं अक्षर, आणि चार वर्षांत पहिल्यांदा वर लिहिलेलं: "ताई."

पुढचं मी पाठच केलं आहे, तरी लिहिते, म्हणजे तुला कळेल की नीट वाचलं. "पत्र जूनमध्ये मिळालं. ते वाचल्यावर मी तीन दिवस कामावर गेले नाही. माफ केलेलं नाही, तसं समजू नकोस. शेवटचे थोडे इंच एकटीने होत नाहीत, हा व्यायाम दुसऱ्या माणसाने करून घ्यायचा असतो. शिलाईवालीकडून करून घेऊ नकोस, ती चुकीचं ओढेल. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी येते. खांदा बघायला. आईबद्दल मी काही विचारलं तर सगळं सांगायचं."

सांगेन. जितक्यांदा विचारशील तितक्यांदा.

डॉक्टरांकडे सोमवारी जाऊन आले. त्यांनी हात धरून फिरवला, मान हलवली आणि भुलीचा कागद फाडून टोपलीत टाकला. मला नाचावंसं वाटलं. नाचले नाही, बाहेर बरेच लोक बसले होते.

आज सकाळचं माप पस्तीस. टाचा जमिनीला, डावा हात खांद्यावर. कडीच्या खाली एक इंच. रविवारपर्यंत माझ्याकडे पंचवीस दिवस आहेत, दिवसाला तीन वेळा. झालंच नाही तर तुझ्यादेखत टाचा उचलीन आणि त्या उचलल्यात हे तुला सांगेन.

आल्यावर दार उघडं मिळेल असं समजू नकोस. मी वरची कडी लावून ठेवणार आहे, स्टुलावर चढून. त्या दिवशी ती लावल्याचा आवाज तू ऐकला होतास, आता काढल्याचाही ऐक. उजव्या हाताने काढेन. दार वाजव आणि पायरीवर उभी राहा.

हात वर पोचायला मला थोडा वेळ लागतो. जाऊ नकोस.

तुझी,
ताई